चौदा ते अठरा : हसनाबादहून बाल हक्क आयोगाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोग, मुंबई



आपल्या आयोगाच्या लेखी अठरा वर्षांच्या आतलं प्रत्येक माणूस बालक आहे. शिक्षण हक्काच्या कायद्याला मात्र बालक दिसतं ते सहा ते चौदा या वयातलं. बालमजुरीचा कायदाही चौदालाच रेघ मारतो. पुढच्या चार वर्षांना त्यानं ‘किशोर’ असं नाव दिलं आहे आणि धोक्याची कामं वगळता बाकी कामाला त्यांना मोकळीक ठेवली आहे. एसटीचा कंडक्टर बारा वर्षं उलटली की पूर्ण तिकीट फाडतो. आणि आमच्या हसनाबादेत, तालुका भोकरदन, जिल्हा जालना इथं, मुलगी ‘शहाणी’ झाली की बाया आपसात हळू आवाजात बोलू लागतात, आणि त्या दिवसापासून तिचं अंगणातलं खेळणं कमी होतं. एकाच पोरीचं बालपण पाच ठिकाणी पाच वेळा संपतं. मी या गावात बरीच वर्षं इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यावर या पाच वयांचा हिशेब डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र.

जगात बालपण कुठेच एकसारखं नव्हतं. फिलिप आरिएस नावाच्या फ्रेंच इतिहासकारानं 1960 साली तर असं मांडलं, की मध्ययुगीन युरोपात बालपण ही कल्पनाच नव्हती. जुन्या चित्रांतली मुलं म्हणजे मोठ्यांचे कपडे घातलेली बुटकी माणसं. हे वाचलं तेव्हा मला ते मोठं चलाख वाटलं, आणि खोटंही. पुढे इतिहासकार लिंडा पोलॉक यांनी 1983 च्या पुस्तकात शेकडो जुन्या रोजनिशा तपासून दाखवलं, की आईबाप तेव्हाही लेकरांसाठी झुरत होते. आपल्याकडचा पुरावा याहून फार जुना आहे. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं बरीच वर्षं उत्खनन केलं. तिथं तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची घरं निघाली. त्या घरांच्या जमिनीखाली मातीचे दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे पुरलेले होते, आणि आत तान्ह्या बाळांची हाडं. गावाबाहेर नेऊन टाकली नाहीत. जिथं आई चूल पेटवायची, तिथंच पायाखाली ठेवली. त्या माणसांना लिहिता येत नव्हतं. तरी बालपण म्हणजे काय हे त्यांना कळत नव्हतं, असं म्हणायची माझी तयारी नाही.

तेव्हा माया प्रत्येक काळात होती. बदलत गेली ती बालपणाची लांबी, आणि त्या वेळात पोरानं काय करायचं ही गोष्ट.

काय करायचं, यावर फार लिहीत नाही. सामोआ बेटावर सहा-सात वर्षांच्या पोरी धाकट्या भावंडांना सांभाळतात, असं मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीडनं 1928 साली लिहिलं, आणि अमेरिकेतले वाचक चकित झाले. आमच्या गल्लीतली कुणीही म्हातारी म्हणाली असती, यात काय लिहायचं? कडेवर भाऊ घेऊन लंगडी खेळणाऱ्या पोरी मी वर्गात शिकवल्या आहेत. जपानात मुलं आपला वर्ग आपण झाडतात, आणि ते वेळापत्रकातच असतं. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांच्या हाती झाडू दिसला की दुसऱ्या दिवशी फोटो छापून येतो. घरचं काम केलं म्हणून बालपण बुडत नाही. सुट्टीच्या दिवशी आईबरोबर कापूस वेचणारं पोर आणि दिवाळीपासून होळीपर्यंत रोजानं वेचणीला जाणारं पोर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो हजेरीपटावर दिसत नाही.

मला बोलायचं आहे ते लांबीबद्दल.

आपल्या जिल्ह्याचे सर्वांत मोठे पुत्र घनसावंगी तालुक्यातल्या जांबचे. नारायण सूर्याजी ठोसर, म्हणजे समर्थ रामदास. बाराव्या वर्षी घरच्यांनी त्यांना बोहल्यावर उभं केलं, आणि ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच ते मंडपातून पळाले, ही कथा आम्ही पोरांना दरवर्षी सांगतो. पोरं हसतात, टाळ्या वाजवतात. एका वर्षी मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, ‘सर, मग त्या नवरीचं काय झालं?’ मला उत्तर देता आलं नाही, कारण कथेत ते नाहीच. अंतरपाटाच्या अलीकडचा पोरगा नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षं तप करून महाराष्ट्राला ठाऊक झाला. पलीकडची पोर कुठल्या घरात, कुठल्या नावानं राहिली, कुणी लिहून ठेवलं नाही.

पलीकडून पळू पाहिलेली जी पहिली आपल्याला नावानिशी ठाऊक आहे, ती मुंबईची रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न झालं; वयात आल्यावर नांदायला जायचं नाकारलं; 1884 साली नवऱ्यानं कोर्टात खेचलं. 1885 मध्ये निकाल तिच्या बाजूनं लागला, अपिलात तो फिरला, आणि 1887 मध्ये हुकूम झाला, की नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती म्हणाली, तुरुंग चालेल. 1888 साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. ती विलायतेला गेली, डॉक्टर होऊन परतली. खटला चालू असताना तिनं टाइम्स ऑफ इंडियात ‘एक हिंदू स्त्री’ अशा सहीनं पत्रं लिहिली होती, आणि लहानपणीच्या लग्नानं आपलं शिक्षण कसं मारलं ते सांगितलं होतं. खुल्या पत्राची ही परंपरा बऱ्यापैकी जुनी आहे, एवढंच म्हणतो.

त्यानंतर कायदा सरकत गेला. 1860 च्या दंडसंहितेत मुलीच्या संमतीचं वय दहा होतं. 1891 मध्ये ते बारा झालं, आणि त्यावरून पुण्यात जो गदारोळ झाला तो सर्वांना ठाऊक आहे. टिळक विरोधात होते, आगरकर बाजूनं. 1929 च्या शारदा कायद्यानं मुलीच्या लग्नाचं वय चौदा केलं, 1949 मध्ये ते पंधरा झालं, 1978 मध्ये अठरा. संमतीचं वय आणि लग्नाचं वय या दोन वेगळ्या गोष्टी, हे कबूल. पण ढोबळ हिशेब धरला तर एकशे अठरा वर्षांत मुलीचं बालपण कागदावर आठ वर्षांनी लांबलं. आमच्याकडे तेही उशिरा. शारदा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा. हसनाबाद 1948 च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या मुलखात. सरहद्दीपलीकडे बारा-चौदाचे वाद झडत होते, त्याचा इथं आवाजही येत नव्हता.

आज कायदा सगळीकडे एकच आहे. 2006 चा बालविवाह प्रतिबंधक कायदा कडक आहे. लग्न लावणारा, ठरवणारा, हजर राहणारा, सगळ्यांना दोन वर्षं सक्तमजुरी आणि लाखभर दंड होऊ शकतो. गावात तो राबवायची जबाबदारी ग्रामसेवकावर आहे (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पदनाम बदललं, दप्तर तेच). आणि तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात 21.9 टक्के निघाल्या. शेजारच्या परभणीत 48 टक्के, बीडमध्ये 43.7. आपला जालना जिल्हाही राज्याच्या सरासरीच्या बराच वर आहे. 1098 वर फोन जातो, पोलीस येतात, मंडप उतरतो, आईबापाकडून हमीपत्र लिहून घेतात. चार दिवसांनी पोरगी मामाच्या गावाला जाते आणि कपाळाला कुंकू, गळ्यात काळी पोत घेऊन परत येते. दिवस गेलेले असले तर दवाखान्यात वय वाढवून सांगतात, कारण खरं वय सांगितलं की डॉक्टरला पोलिसांत कळवावंच लागतं. वाचवायला केलेल्या कायद्यानं तिला दवाखान्यापासूनही लांब केलं.

आमचे शहरातले मित्र याला अडाणीपणा म्हणतात. मी ते मान्य करत नाही. मला हा हिशेब दिसतो, आणि तो सरकारनंच आखून दिलेला आहे.

हिशेब असा. आठवी झाली, चौदा पूर्ण झाली. इथपर्यंत शाळा सक्तीची, मोफत, गणवेश, खिचडी, पुस्तकं. चौदानंतर शिक्षणाचा हक्क संपला. काम करायला कायद्यानं मोकळीक मिळाली. लग्न मात्र अठराला. मधल्या चार वर्षांत पोरीनं कुठं असायचं, याचं उत्तर कुठल्याच कायद्यात नाही. आईबाप दोघं पहाटे शेतात नाहीतर कामावर. घरी पंधरा वर्षांची पोर एकटी. बाप म्हणतो, ‘सर, जिवाला घोर लागतो.’ या घोरात पोरीवरचा अविश्वास आहे, गावातल्या टवाळांची भीती आहे, जातीबाहेर काही झालं तर काय, ही तर आहेच आहे. मी यातल्या कशाचंच समर्थन करत नाही. पण ती चार वर्षं तिनं सुखरूप कुठे काढावीत, हे त्या बापाला कुणी सांगितलेलं नाही. मग दोनाचे चार हात करणं त्याला स्वस्त वाटतं.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरात हा हिशेब आणखी उघडा होतो. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या पोराला अर्धा कोयता धरतात. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात त्याआधी घाईघाईनं लग्नं का उरकतात, हे सांगायला समाजशास्त्रज्ञ नको. धाकटी भावंडं बरोबर जातात. त्यांची नावं इथल्या पटावर असतात आणि ती स्वतः कोपीबाहेर वाढ्यांच्या ढिगाऱ्यावर. हंगामी वसतिगृहं आहेत, संत भगवानबाबांच्या नावानं 41 तालुक्यांत 82 वसतिगृहांची योजना 2021 मध्ये आली. चांगली आहे. पण वसतिगृहात लहान पोरगा ठेवायला धजणारा बाप पंधरा वर्षांची पोरगी ठेवायला धजत नाही.

याच घरातला पोरगा बघा. तो चोवीसचा, सत्ताविसाचा होतो, छत्रपती संभाजीनगरला किंवा पुण्याला अभ्यासिकेत बसतो, स्पर्धा परीक्षा देतो, पोलीस भरतीला पळतो. बाप महिन्याच्या महिन्याला पैसे पाठवतो. विचारलं तर म्हणतो, ‘पोरगं अजून शिकतंय.’ एकाच छपराखाली एकाचं बालपण तिशीला टेकतं आणि दुसरीचं चौदाला संपतं. आणि या शिकणाऱ्या पोरांना पुढं पोरी मिळत नाहीत म्हणून अठराच्या आतल्या पोरींना मागण्या येतात, हे दुष्टचक्र वेगळंच. 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे राज्यात 894 मुली होत्या, बीडमध्ये 807. ती पिढी आता वयात आली आहे. जन्मू दिल्या नाहीत त्यांचा तुटवडा जन्मलेल्यांकडून भरून घेतला जातो आहे.

गावात एक शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत. जूनमध्ये गणवेशाची मापं त्या ज्या वहीत लिहितात, त्याच वहीत मार्च-एप्रिलमध्ये लग्नाच्या ब्लाउजची. मला म्हणाल्या, ‘सर, कधी कधी नवं माप घ्यावंच लागत नाही, दोन बोटं शिलाई ढिली ठेवली की झालं.’ आयोगाला आकडेवारी लागत असेल, तर अशा वह्या तालुक्यात पुष्कळ आहेत.

आता एक परदेशातली गोष्ट सांगतो, कारण उपाय तिथं आहे असं मला वाटतं. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या डोंगरी खेड्यांतून, टिरोल, फोरार्लबेर्ग, ग्राउब्युंडन अशा भागांतून, शतकानुशतकं गरिबांची पोरं दर मार्चमध्ये बर्फ तुडवत घाट ओलांडायची आणि जर्मनीतल्या श्वाबेन प्रदेशात उतरायची. रावेन्सबुर्ग, फ्रीडरिशहाफेन या गावांत त्यांचा बाजार भरायचा. शेतकरी येऊन पोरं निवडायचे. गुरं राखायला, घरकामाला. नोव्हेंबरात सेंट मार्टिनच्या सणाला पोरं परत जायची, हाती थोडे पैसे आणि अंगावर नवे कपडे, पायात नवे जोडे. सात-आठ वर्षांपासूनची पोरं असायची. गावचा पाद्री बरोबर चालायचा. त्यांच्याकडच्या सरकारनं शाळेतून उन्हाळ्याची सूटही देऊन ठेवली होती. वर्तमानपत्रांनी गुलामांचा बाजार म्हणून ओरड केली, समित्या निघाल्या, प्रवासाची सोय सुधारली, पोरं जातच राहिली. हे खऱ्या अर्थानं थांबलं ते 1921 च्या सुमारास. त्या साली व्युर्टेंबेर्ग राज्यानं शाळेची सक्ती बाहेरून आलेल्या पोरांनाही लागू केली. पोर कुठल्या गावचं हा प्रश्नच उरला नाही; जिथं आहे तिथं शाळेत बसलं पाहिजे. शेतकऱ्याला दिवसभर राबायला पोर मिळेना, मग त्याला न्यायचं तरी कशाला?

इतक्या वर्षांच्या उपदेशानं जे झालं नाही ते शाळेच्या एका नियमानं झालं. उपदेशाला मी कमी लेखत नाही; माझी सगळी नोकरी त्यातच गेली. पण आमच्याकडे प्रबोधनाचे फलक भिंती-भिंतींवर आहेत, आणि फलकाखालून जाणारी बस नाही.

बसचं उगाच म्हणत नाही. आजूबाजूच्या वाड्या-तांड्यांवरच्या मुली आठवीनंतर पुढच्या वर्गासाठी घराबाहेर पडतात त्या एसटीच्या जिवावर. पास मोफत आहे, मुलींसाठी मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्या काढल्या, या राज्यानं केलेल्या खरोखर मोठ्या गोष्टी आहेत. पण आधी करोनानं शाळा बंद झाल्या, मग 2021 च्या दिवाळीपासून 2022 च्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला. शाळा उघडली तेव्हा गाडी नव्हती. त्या दोन वर्षांत माझ्या माहितीतल्या मुली नववी-दहावीतून ज्या सुटल्या त्या परत आल्या नाहीत. संप करणाऱ्यांना दोष देत नाही, त्यांचीही पोटं होती. मला एवढंच दिसलं, की इतक्या कायद्यांनी धरून ठेवलेलं बालपण एका गाडीच्या भरवशावर होतं.

शासनाची लेक लाडकी योजना आहे. मुलगी अठरा वर्षांची झाली की 75 हजार, टप्प्याटप्प्यानं धरून एकूण एक लाख एक हजार. योजना 1 एप्रिल 2023 पासून पुढे जन्मलेल्यांसाठी आहे. पहिली लाभार्थी 2041 साली अठराची होईल. आज जी पंधराची आहे तिच्यासाठी काय, हे मी पंचायत समितीत विचारलं, तर तिथले साहेब म्हणाले, ‘तिचं आता काय.’ त्यांच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. त्यांना खरंच सुचलं नाही.

म्हणून मागणी करतो. शिक्षणाचा हक्क चौदावर थांबतो तो अठरावर न्यायला हवा. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते अठरा वर्षांची भाषा आहे, कायदा मात्र आहे तिथंच आहे. तो दिल्लीत बदलेल तेव्हा बदलेल; आपल्या आयोगानं तशी शिफारस लेखी करावी आणि ती जाहीर करावी. त्याच्या आधी जे मुंबईतून होऊ शकतं ते असं : आठवी पास झालेली प्रत्येक मुलगी नववीत बसली का, दहावीची अकरावीत बसली का, याची नावानिशी विचारणा गटशिक्षणाधिकाऱ्याला दरवर्षी ऑगस्टमध्ये व्हावी. बसली नसेल तर कारण लिहिलेलं असावं, आणि ‘स्थलांतर’ हा एक शब्द कारण म्हणून चालू नये. कुठल्या गावी, कुठल्या शाळेत, हे त्यापुढे असावं. एसटी महामंडळाला मुलींच्या शाळेच्या वेळेची गाडी रद्द करायची असेल, तर पर्याय दाखवल्याशिवाय करू देऊ नये. आयोगाला चौकशीच्या कामात दिवाणी न्यायालयाचे अधिकार कायद्यानं दिले आहेत. साक्षीला बोलावता येतं, कागद मागवता येतात. आमच्या भागात ते वापरलेले मी पाहिलेले नाहीत.

आणि मुलींना विचारा. 1855 साली फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या कोवळ्या वयाच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध ‘ज्ञानोदय’नं छापला होता. एवढ्या जुन्या काळी एका मुलीला विचारलं गेलं आणि तिनं मोठ्यांना घाम फोडेल असं लिहिलं. आमच्या नववीतल्या मुलींना आजवर कुठल्याही समितीनं, वडीलधारी माणसं बाहेर बसवून, काही विचारलेलं नाही. ग्राम बालसंरक्षण समिती कागदावर आहे. तिच्यात मुलांच्या प्रतिनिधीची जागाही आहे. तिची शेवटची बैठक कधी झाली, हे आपण कुठल्याही गावाला पत्रानं विचारून पाहावं.

आयोगानं एक सुनावणी हसनाबादला घ्यावी. भोकरदनच्या तहसिलात नको, जालन्याच्या नियोजन भवनात तर नकोच. तिथं पंधरा वर्षांची मुलगी येऊ शकत नाही. इथं शाळेच्या वर्गात घ्या, शाळेच्या वेळेत, आणि अक्षय तृतीयेच्या आधी घ्या. गटशिक्षणाधिकारी, आगारप्रमुख, ग्रामपंचायत अधिकारी आणि पोलीस ठाण्याचे साहेब, चौघांनाही आठवीपासून पुढची यादी घेऊन बोलवा. तारीख कळवलीत तर वाड्यांवरच्या मुलींना आणायची गाडी आम्ही गावकरी वर्गणी करून लावू.

आपला,
हसनाबादचा एक निवृत्त शिक्षक